आधी एक प्रदेश निवडा, हेगचं नंतर बघू

तुमचा प्रश्न असा आहे: "कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा आणि संक्रमणकालीन न्याय (युद्ध किंवा हुकूमशाही संपल्यावर आधीच्या अत्याचारांचा हिशेब समाज कसा लावतो, त्याचा अभ्यास) हे विषय मनापासून आवडतात. वकिली करायची नाही, शिकवायचं आणि संशोधन करायचं आहे. यात खरंच करिअर होतं का? सुरुवात कुठून करू? सगळे म्हणतात, हेगला इंटर्नशिप केल्याशिवाय काही खरं नाही."

करिअर होतं. मी 12 वर्षं हेच करते आहे आणि दुसरं काही करावंसं वाटलेलं नाही. पण हेगबद्दल, म्हणजे नेदरलँड्समधल्या ज्या शहरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे त्याबद्दल, तुम्हाला जे सांगितलं गेलंय ते मला पटत नाही. इंटर्नशिप मिळाली तर जरूर करा. एका पुराव्यामागे किती कागद फिरतात, एका साक्षीदाराला आणायला किती लोक राबतात, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. मात्र या विषयात टिकून राहिलेली जी माणसं मी पाहिली, त्यांनी एक प्रदेश धरला, तिथली भाषा शिकली आणि जगाचं लक्ष दुसरीकडे वळल्यावरही ती तिथेच काम करत राहिली.

का, ते पूर्व आफ्रिकेतल्या रवांडाच्या उदाहरणाने सांगते. 1994 मध्ये तिथे झालेल्या तुत्सी लोकांच्या वंशसंहारानंतर संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या आरुशा शहरात न्यायाधिकरण बसवलं. ते 2015 च्या अखेरीस बंद झालं, तोवर त्याने 93 जणांवर आरोप ठेवले होते. त्याच रवांडात गावोगावी भरलेल्या 'गचाचा' न्यायालयांनी 2012 पर्यंत जवळपास 20 लाख प्रकरणं हाताळली. तिथे न्यायनिवाडा करणारे गावकऱ्यांनीच निवडलेले होते. वकिलांना तिथे उभंच राहता येत नव्हतं. कायद्याच्या अभ्यासक्रमात आपण त्या 93 पैकी ज्यांचे खटले चालले त्यांचे निकाल शिकतो. उरलेलं सगळं दुसऱ्या विषयाच्या, म्हणजे संक्रमणकालीन न्यायाच्या, वाट्याला जातं: सत्यशोधन आयोग, नुकसानभरपाई, माफी, बेपत्ता माणसांचा शोध, अत्याचारात सामील असलेल्यांना पोलीस आणि लष्करातून काढणं. तुम्ही दोन्ही नावं एका दमात घेतली आहेत म्हणून सांगते, या दोन विषयांची वाचायची पद्धत आणि पुराव्याची कल्पनासुद्धा वेगळी आहे. पहिल्यात तुम्ही वकिलासारखं वाचता. दुसऱ्यात इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ आणि पुरलेल्या हाडांवरून माणूस ओळखणारे तज्ज्ञ यांच्याशेजारी बसून काम करावं लागतं. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांची ओळख पटवायला 1984 पासून असे तज्ज्ञ काम करताहेत. त्यांच्या अहवालांशिवाय तिथल्या खटल्यांचा अभ्यास अर्धाच राहतो.

आता भाषेचं. ज्यां-पॉल अकायेसू हा रवांडातल्या ताबा या भागाचा महापौर. 2 सप्टेंबर 1998 रोजी आरुशाच्या न्यायाधिकरणाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं. एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खटला चालवून कुणाला वंशसंहारासाठी दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ. बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य असू शकतं, हेही याच निकालात पहिल्यांदा आलं. मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा उल्लेखच नव्हता. जानेवारी 1997 मध्ये एक स्त्री साक्ष देत असताना तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराबद्दल बोलली. पुढे आणखी एक साक्षीदार तशीच बोलली. खंडपीठावर दक्षिण आफ्रिकेच्या न्यायाधीश नवनेथेम पिल्ले होत्या. न्यायाधीशांनी या स्त्रियांना पुढचे प्रश्न विचारले. बाहेर स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना आणि कायद्याच्या अभ्यासकांनी न्यायाधिकरणाला निवेदन दिलं. जून 1997 मध्ये आरोपपत्र सुधारलं गेलं.

हा भाग वर्गात सगळेच शिकवतात. त्याच निकालपत्रात भाषेबद्दलची काही पानं आहेत. तिथे सहसा कुणी थांबत नाही, आणि माझी सगळी वाट त्या पानांवरून बदलली. साक्षीदार किन्यारवांडा भाषेत बोलत होत्या. चार वेगवेगळे शब्दप्रयोग येत होते आणि दुभाषे त्या सगळ्यांसाठी 'बलात्कार' हा एकच शब्द वापरत होते. न्यायाधीशांनी दुभाष्यांनाच अर्थ विचारले. 'कुर्यामाना' म्हणजे एका अंथरुणावर झोपणं. 'गुफाता कु न्गुफू' म्हणजे जबरीने घेणं, मग ती कोणतीही वस्तू असो, आणि बलात्कार करणंही. मराठी माणसाला हे लगेच कळावं. "माझ्यावर जबरदस्ती झाली", "माझी अब्रू घेतली", "नको ते झालं" ही तिन्ही वाक्यं आपण ऐकलेली आहेत. त्यांतलं कोणतं वाक्य कोण, कुणासमोर आणि का उच्चारतं, हे आपल्याला न सांगता समजतं. न्यायाधिकरणाने रुझिंदाना नावाच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांची तज्ज्ञ म्हणून साक्ष घेतली. नाजूक प्रश्नाला तिथले लोक थेट उत्तर देत नाहीत, हेही निकालपत्रात नोंदवलं आहे. तारीख, अंतर, नकाशा यांवर साक्षीदार अडखळतात आणि त्याचा अर्थ ते खोटं बोलताहेत असा होत नाही, हेही. उलटतपासणीत हीच अडखळ हत्यार म्हणून वापरली जाते. म्हणून कुणीतरी ते लिहून ठेवणं गरजेचं होतं आणि ते एका अध्यापकाने केलं. आपल्या कामाचा न्यायालयाला काय उपयोग, असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी रवांडात मुलाखती घेत होते. किन्यारवांडा तेव्हा मला नमस्कार-चमत्कारापुरतीच येत होती. एका आजींना मी विचारलं, "गचाचामध्ये तुम्हाला न्याय मिळाला असं वाटतं का?" त्या चार मिनिटं बोलल्या. मध्ये एकदा थांबून त्यांनी हाताने कुंपणाकडे दाखवलं. माझा दुभाषा भला माणूस होता. त्याने मला सांगितलं, "हो, त्या समाधानी आहेत." रेकॉर्डिंग पुढे दुसऱ्याकडून शब्दशः उतरवून घेतलं तेव्हा कळलं, आजी म्हणत होत्या की ज्याने त्यांच्या भावाला मारलं तो कबुली देऊन सुटून आला, आता कुंपणापलीकडे राहतो, रोज नमस्कार करतो आणि मी उलट नमस्कार करते, कारण पाणी आणायची वाट एकच आहे. शेवटी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि तो माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता: "तुझ्याआधी आलेल्यांनीही लिहून नेलं. त्यांनी काय लिहिलं ते मला कोण वाचून दाखवणार?" मी त्यानंतर दोन वर्षं भाषा शिकण्यात घातली. प्रबंध लांबला, मार्गदर्शक नाराज झाले. आज मी ज्यांच्या मुलाखती घेते त्यांच्याकडे परत जाऊन, मी काय लिहिलंय ते त्यांच्या भाषेत तोंडी सांगते. त्यांनी "हे काढ" म्हटलं की काढते.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच सांगते. 'संक्रमणकालीन न्यायाचे प्राध्यापक' अशी जाहिरात क्वचित निघते. जागा निघतात त्या फौजदारी कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा, मानवी हक्क, राज्यशास्त्र किंवा शांतता अभ्यास या नावांनी. तेव्हा साधा फौजदारी कायदा, पुराव्याचा कायदा असं काहीतरी उत्तम शिकवता आलं पाहिजे. मी सुरुवातीची सहा वर्षं आठवड्याचे बरेचसे तास तेच शिकवलं आणि त्याचा फायदाच झाला. कट, चिथावणी, मदत करणं यातला फरक आधी घरच्या फौजदारी कायद्यात पक्का नसेल तर हजारो लोकांच्या गुन्ह्यात वरच्या अधिकाऱ्याची जबाबदारी कशी ठरवतात ते नीट समजत नाही. पीएच.डी.ला तीन ते पाच वर्षं धरा. पुढे वर्ष-दोन वर्षांचे करार, एका शहरातून दुसऱ्या शहरात. माझी पहिली कायम नोकरी पीएच.डी. मिळाल्यानंतर चौथ्या वर्षी लागली. घरची आर्थिक जबाबदारी तुमच्यावर असेल तर शिष्यवृत्तीशिवाय पीएच.डी.ला बसू नका. बिनपगारी इंटर्नशिपसाठी तर कर्ज मुळीच काढू नका.

मनावर येणाऱ्या ताणाबद्दल मात्र आधी बोला, नंतर नको. मी एका संशोधन प्रकल्पात साहाय्यक होते तेव्हा छळाच्या जबान्या वाचून त्यांचं वर्गीकरण करायचं काम माझ्याकडे होतं. दिवसाला तीस-चाळीस. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. चौथ्या महिन्यात मला दाराचा आवाज सहन होईना. आता माझ्या विद्यार्थ्यांना दुपारी चारनंतर जबान्या वाचायला मनाई आहे आणि दर पंधरा दिवसांनी आम्ही फक्त याच विषयावर बसतो. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रकाशनांच्या यादीआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि हेच विचारा.

या कामात काळही फार लांब असतो, तो स्वभावाला मानवला पाहिजे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीच्या नेत्यांवर 1985 मध्ये खटला झाला. मग 1986 आणि 1987 च्या कायद्यांनी पुढचे खटले अडवले, आणि ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले 2005 मध्ये. मधली 18 वर्षं तिथले अभ्यासक, वकील आणि राजवटीत पळवलेली नातवंडं शोधणाऱ्या आज्या कागद जपत राहिल्या. 'वंशसंहार' या अर्थाचा 'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन यांनी 1944 मध्ये छापला. 1948 मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. लेमकिन 1959 मध्ये गेले. अकायेसूचा निकाल त्यानंतर 39 वर्षांनी आला. मला हे आठवलं की एखादा लेख परत आल्याचं दुःख कमी होतं.

तर सुरुवात. तुम्हाला आधीपासून येणारी भाषा असेल, किंवा एखाद्या प्रदेशाचा इतिहास आवडीने वाचलेला असेल, तर तो प्रदेश घ्या. बातम्यांत सध्या जो संघर्ष आहे तो केवळ त्यामुळे घेऊ नका. फ्रेंच किंवा स्पॅनिश कामचलाऊ तरी शिका. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत आणि लॅटिन अमेरिकेतलं बरंचसं लेखन स्पॅनिशमध्येच आहे. मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटला लढवायची स्पर्धा मिळाली तर सोडू नका, बाजू मांडताना विचार घट्ट होतो.

आणि अर्ज लिहायला बसण्याआधी एक करा. या न्यायाधिकरणांची निकालपत्रं आणि खुल्या सुनावण्यांतला बराचसा शब्दशः वृत्तान्त मोफत वाचायला मिळतो. अकायेसूचं निकालपत्र उघडा, भाषा आणि भाषांतराबद्दलचा भाग शोधा, मग एका साक्षीदाराची पूर्ण साक्ष आणि उलटतपासणी सलग वाचा. निकालात त्या साक्षीचं किती उरलं आणि काय गळलं, यावर चार पानं मराठीत लिहा. इंग्रजीत लिहू नका, तयार शब्द मदतीला धावून येतात आणि आपण काय वाचलं ते कळतच नाही. लिहून झालं की इथेच उत्तराखाली सांगा. मी वाचेन, आणि त्या चार पानांतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा ते आपण तिथून पुढे बोलू.