बारा कांद्यांवरचं बी का थकतं?

जुन्नरच्या एका दादांनी विचारलंय, "साहेब, आठ-नऊ वर्षांमागं चाळीतला कांदा सडला, बियाला बाराच कांदे राहिले, तेव्हापासून दर खेपेला चांगले दहा-बारा निवडून घरचंच गावरान बी धरतोय. आता उगवण कमी, कांदा बारीक, करपा तर हटतच नाय. जमीन बिघडली का?"

दादा, माती परीक्षण करा जरूर, पण मला खोट बियातच दिसते. कांद्याचं परागीभवन मधमाश्या करतात, या गोंड्यावरचा पराग त्या गोंड्यावर, म्हणून एकाच वाणात प्रत्येक कांदा थोडा वेगळा असतो, कुणात करपा सोसायची ताकद तर कुणात टिकाऊपणा. समजा असा गुण शंभरात दोनच कांद्यांत होता, तर वाचलेल्या बारांत तो एकदाही नसण्याची शक्यता 78 टक्के. आणि एकदा गेला की खत-औषधानं परत येत नाही! यालाच बॉटलनेक म्हणतात, बाटलीच्या अरुंद गळ्यातून मोजकेच दाणे बाहेर पडावेत तसं.

पण एकदा बारा राहिले म्हणून एवढं बिघडत नसतं, पुढच्याच खेपेला दोनशे कांदे लावले असते तर नुकसान बरंचसं तिथंच थांबलं असतं. तुम्ही दरवेळी बारावरच राहिलात, म्हणजे भावकीतच सोयरीक होत गेली, चार पिढ्यांत साधारण 15 टक्के विविधता गेली.

बी टाकून देऊ नका, गावरान वाण आहे तो! आजूबाजूच्या चार-पाच गावांतून त्याच वाणाचे कांदे मागून आणा, जोडकांदे आणि डेंगळे (अवेळी फुलाचा दांडा आलेले कांदे) वगळा, तुमच्यात मिसळून किमान दोनशे लावा. दुसऱ्या वाणापासून प्लॉट अर्धा किलोमीटर तरी लांब हवा, फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. बी फक्त मोठ्या गोंड्यांचं नको, प्रत्येक झाडाचं सारखं घ्या.

शिरूरच्या ताईंचं दुखणंही तेच. चार शेळ्या नि एका बोकडावर कळप उभा केला, आता वीस शेळ्या आहेत, बोकड घरचाच, करडं अशक्त. सुरुवातच मोजक्यांवर झाली की त्यांचे दोषही सगळ्या कळपात उतरतात, हा फाउंडर इफेक्ट. ताई, वीस माद्यांना एकच नर असला तर आनुवंशिक हिशोबात तो कळप चार जनावरांचासुद्धा भरत नाही. घरचा बोकड विकून लांबच्या गावचा, नात्यात नसलेला आणा, त्याच्या पाटी (मादी करडं) माजावर यायच्या आत तोही बदला, म्हणजे स्वतःच्याच लेकींवर जाणार नाही. आणि कुठलं करडू कुणाचं ते वहीत लिहीत चला.