दार वाजलं की उठून बसते

‘ताई, वय ३८. सहा महिने झाले, अंगात त्राण नाही. केस मूठमूठ गळतात, पाळीत रक्त फार जातं. तपासणीत टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं; फेरिटिन ९, डी जीवनसत्त्व कमी. डॉक्टरांनी थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शिअमची गोळी दिली. रोज सकाळी तिन्ही चहाबरोबर घेऊन टाकायचे. दोन महिन्यांत काहीच फरक नाही, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सगळ्या बंद केल्या. आता आहार आणि विश्रांतीनेच हार्मोन्स ताळ्यावर आणायचे असं ठरवलंय. पण विश्रांतीच जमत नाही. दुपारी जरा पडले आणि दार वाजलं की उठून बसते. नवऱ्याला वाटू नये की ही लोळतेय. मी आळशी झालेय का?’
– एक थकलेली

अगं, तुझ्या आकड्यांपेक्षा ते दारच माझ्या डोक्यात जास्त वेळ राहिलं. त्याच्याकडे येते. पण आधी गोळ्यांचं, कारण ते थांबण्यासारखं नाही.

थायरॉईडची गोळी मनाने बंद करू नये. दोन महिने इमानाने घेऊनही काही वाटेना, तेव्हा वैतागलीस, ते मला कळतं. पण ‘तिन्ही चहाबरोबर’ हे वाचलं आणि मी थांबले. लोह आणि कॅल्शिअम थायरॉईडच्या औषधाला आतड्यातच अडवतात. चहा लोहाला अडवतो, कॅल्शिअमही लोहाच्या आड येतं. गोळ्या तू घेत होतीस, पण अंगी किती लागत होत्या कोण जाणे. थायरॉईडची गोळी उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास पोटात दुसरं काही नाही. लोह आणि कॅल्शिअम तिच्यापासून किमान ४ तास लांब, आणि एकमेकांपासूनही लांब. आजच डॉक्टरांना फोन कर. गोळ्या कशा घेत होतीस आणि कधी बंद केल्यास, दोन्ही सांग. नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून ते उगाच डोस वाढवतील.

तुझी थायरॉईडची तक्रार आणि लोहाची कमतरता एकमेकींना धरून असू शकतात. थायरॉईड मंदावलं की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, रक्त गेलं की लोह जातं, आणि थायरॉईडला त्याचं हार्मोन बनवायला लागणाऱ्या एका एन्झाइमला लोहच हवं असतं. या फेऱ्यातून नुसत्या ताटातल्या अन्नाने बाहेर पडणं अवघड आहे. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. ९ म्हणजे कोठार जवळजवळ रिकामं. दर महिन्याला तळातून गळतंय, तोवर पालेभाजीने ते भरायचं नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखव. इतकं रक्त जाण्याचं कारण गर्भाशयातही असू शकतं.

मग आहाराचं काम काय? पुष्कळ आहे. कडधान्यं, पालेभाज्या, आणि चालत असेल तर मांस-मासे रोजच्या जेवणात येऊ देत. वनस्पतींमधलं लोह शरीर सहजी घेत नाही, पण त्याच घासांसोबत लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची असली तर बरंच जास्त घेतं. चहा-कॉफी जेवणाच्या आगेमागे तासभर नको. पोटभर खा. वजन घटवायला जेवण तोडलंस तर केस आणखी गळतील. आणि ‘हार्मोन संतुलना’च्या पुड्यांपासून लांब राहा: समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतलं जादा आयोडीन थायरॉईड बिघडवू शकतं. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर रक्त देण्याआधी सांग, त्याने थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. डी जीवनसत्त्वही मनाने वाढवायचं नाही, ते अंगात साठतं.

वेळ मात्र लागेल. थायरॉईडची पुन्हा तपासणी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी होते, त्याआधीचा आकडा फारसं काही सांगत नाही. हिमोग्लोबिन जागेवर आलं तरी साठा भरायला लोहाची गोळी बहुधा आणखी तीनेक महिने चालू ठेवतात. केस सगळ्यात शेवटी सावरतात. मधेच बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस किंवा तासाला पॅड बदलावं लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आता तुझं दार. विश्रांतीने टीएसएच उतरत नाही, हे मी तुला खरंच सांगते. पण शरीराकडे आत्ता जे थोडं आहे ते कपडे-भांडी-डब्यांत संपवलंस तर सावरायला उरणार काय? बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. तेव्हा मी मांडीवर भाजीचं ताट घेऊन बसायचे, निवडायला काही नसलं तरी. बसलेली दिसले तरी कामात आहे असं वाटावं म्हणून. मला कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं. पण सांगायलाही मी कधी गेले नव्हते.

तू सांग. जेवणं आटोपल्यावर रिपोर्ट समोर ठेव, ९ या आकड्यावर बोट ठेव आणि म्हण, ‘हे भरायला काही महिने लागणार आहेत. तोवर रात्रीची भांडी आणि मुलांचे डबे तुझ्याकडे, आणि दुपारी अर्धा तास मी झोपणार.’ ‘जमेल तेवढी मदत कर’ असं म्हणू नकोस, कामांची नावं घे. तो अर्धा तास दुपारी लवकर घे, म्हणजे रात्रीची झोप मोडणार नाही.

आळशी माणूस दार वाजल्यावर दचकत नाही गं. उद्या वाजेल तेव्हा पडूनच राहा. किल्ली त्याच्याकडे आहे.