जर्मनीतल्या आखेनला येतोयस, तर आधी घराचं बघ

तू तीन गोष्टी विचारल्यास: सोबत काय आणू, पार्टटाइम कामावर खर्च भागेल का, आणि मास्टर्स इंग्रजीत आहे तर जर्मन कशाला? सगळ्याचं उत्तर देते, पण सुरुवात तू न विचारलेल्या घरापासून करते.

इथली सगळी कामं पत्त्यापाशी अडतात. राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पुढे टॅक्स नंबर, रेसिडेन्स परमिट, सगळं त्या नोंदीवर. त्यामुळे ‘आधी मित्राकडे उतरतो, मग बघू’ हे इथे अंगाशी येतं. विद्यार्थी वसतिगृहांची वेटिंग लिस्ट मोठी असते, अर्ज आजच टाक. खाजगी खोली शोधताना ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट भर, चावी कुरियरने पाठवतो’ असं सांगणारा मालक भेटेलच. तो भामटा असतो. त्याला एक युरोही पाठवू नकोस. सीमेला लागून असलेलं फाल्स नकाशावर जवळ दिसेल, पण ते नेदरलँड्समध्ये आहे आणि तुझा व्हिसा जर्मनीचा. त्यापेक्षा श्टोलबेर्ग, एशवायलर, ड्युरेनकडे बघ. सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवास पासवर, ट्रेनने येजा होते.

पैशांचं म्हणशील तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यातले, 11,904 युरो म्हणजे महिन्याला 992. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, पण परवानगी म्हणजे काम नव्हे. पहिल्या सेमिस्टरला कमाईवर भिस्त ठेवूच नकोस. इन्स्टिट्यूटमधलं ‘हिवी’चं, म्हणजे विद्यार्थी सहाय्यकाचं, काम सगळ्यात चांगलं, अभ्यासाशी जोडलेलं, पण ते मिळायला प्राध्यापकांना तुझं नाव माहीत व्हावं लागतं. कॅफे, दुकानं, गोदामं, तिथे बहुतेकदा जर्मन लागतंच. म्हणून निघण्याआधी जर्मनची ए2 पातळी, म्हणजे दुसरी पायरी, तरी पूर्ण कर. पुण्यात आहेस तोवर मॅक्स म्युलर भवनात जा. इथे आल्यावर वेळ मिळेल, या भरवशावर राहू नकोस.

आता परीक्षा. आपली हुशार मुलं इथेच ठेचकाळताना मी पाहिली आहेत, म्हणून हे नीट वाच. बहुतेक लेक्चरना हजेरी नसते, युनिट टेस्ट नसते, सबमिशनसाठी मागे लागणारे सर नसतात. सेमिस्टरच्या शेवटी एक पेपर, बरेचदा सगळे गुण त्यावर. त्या पेपरसाठीही पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि मुदत गेली की गेली. विनवण्या चालत नाहीत. गुण उलटे: 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 नापास. एका विषयाला साधारण तीन संधी. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदाही गेलास, तर तो अभ्यासक्रमच हातचा जातो, आणि दुसऱ्या जर्मन विद्यापीठात तोच घ्यायलाही आडकाठी येते. पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, उरकू हा हिशेब विमानात बसण्याआधी सोडून दे. पहिल्या सेमिस्टरला कमी विषय घे. फाखशाफ्ट म्हणजे विभागाची विद्यार्थी संघटना. तिथे जुने पेपर मिळतात का ते पहिल्याच आठवड्यात विचार. आणि गणितं सोडवून घेण्याचे जे तास असतात, ते लेक्चरपेक्षाही चुकवू नकोस, पेपरमधले प्रश्न बरेचसे त्याच वळणाचे असतात.

सामानात इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर, गोडा मसाला, चष्म्याची जादा जोडी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेहमीची औषधं आण. डाळ-तांदूळ इथे मिळतात. आईला सांग, तूप आणि पेढे देऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारून येतं आणि खोलीत एकटं बसलं की मन फार खातं. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बॅडमिंटन, क्लाइंबिंग, काहीही घे. सेमिस्टरच्या सुरुवातीला नोंदणी उघडते तेव्हाच नाव घाल, जागा पटापट भरतात.

वसतिगृहाचा अर्ज टाकलास की कोर्सचं नेमकं नाव कळव. त्या विभागातल्या आपल्या मुलांशी तुझी गाठ घालून देते.