पिवळे बेडूक परके की आपलेच?

प्रश्न : मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि आमच्या मळ्यात हळदीसारखे पिवळेजर्द, तळहाताएवढे बेडूक आले, गळ्याशी निळे फुगे. व्हॉट्सअॅपवर फिरतंय की हे बाहेरून आलेले विषारी बेडूक आहेत, अंदमानात यांनी हैदोस घातलाय, दिसले की मारा. खरंय का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : मारू नका दादा, प्लीज! हा आपला इंडियन बुलफ्रॉग, इथलाच, आणि विषारी तर अजिबात नाही. पिवळे झालेले सगळे नर, माद्यांना आकर्षित करायला काही दिवसच हा रंग, मग परत हिरवट-तपकिरी होतात. उन्हाळाभर जमिनीखाली दडून असतात आणि पाऊस आला की एकदम बाहेर, म्हणून ते अचानक कुठून तरी आल्यासारखे वाटतात. साधारण १६ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, तोंडात मावेल ते खातात, म्हणजे कीडे, खेकडे, उंदराची पिल्लं, दुसरे बेडूक सुद्धा. वर साप आणि बगळे या बेडकांवरच जगतात, तेव्हा मळ्याला ते हवेतच.

अंदमानची गोष्ट मात्र खरी आहे. तिथे हा बेडूक मुळात नव्हता, मत्स्यबीजाबरोबर चुकून गेला आणि काही ठिकाणी लोकांनी खायला म्हणून मुद्दाम सोडला. एक मादी हजारो अंडी घालते, आणि याची पिल्लं शेवाळ खात बसत नाहीत, दुसऱ्या बेडकांच्या पिल्लांवरच तुटून पडतात. संशोधकांनी तिथल्या स्थानिक जातींची पिल्लं यांच्याबरोबर पाण्यात ठेवून बघितली तर स्थानिक एकही वाचलं नाही. मोठे झालेले तर कोंबडीची पिल्लं आणि तळ्यातले मासेही खातात, त्यामुळे तिथल्या लोकांचा राग समजण्यासारखा आहे. पण तो इथल्या बेडकांवर काढायचा कशाला? इथली जीवसृष्टी यांच्यासोबतच वाढलीय, तिथली नाही.

उलट आपल्याकडे माणसाचाच धोका जास्त आहे. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, ती निर्यात १९८७ साली बंद केली. तरी गोव्यात आणि आसपास अजून पावसाळ्याच्या रात्री टॉर्च घेऊन 'जंपिंग चिकन'साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, शिकार चालते, आणि तीही ऐन मिलनाच्या दिवसात, म्हणजे अंडी घालायच्या आधीच मादी पोत्यात. हे बेकायदा आहे, असं कोणी दिसलं तर वनखात्याला फोन करा. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर आला तिथे हे उत्तर टाका, अजून पाऊस आहे तोवर.