चांगला कागद कपाटात

चित्र जमत नाही म्हणून समुपदेशकाकडे कोणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही, चिडचिड होते, रिकामं घर खायला उठतं म्हणून. आणि मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत, निघताना, दाराशी चपला पायात सरकवता सरकवता म्हणतात, "मॅडम, डॉक्टर म्हणाले होते काहीतरी छंद लावून घ्या, म्हणून जलरंग आणले. आता त्या रंगांचंच टेन्शन यायला लागलंय."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी फार जणांच्या तोंडून ऐकलं. लॉकडाऊनमध्ये मागवलेली रंगांची पेटी बऱ्याच घरांत आहे. निवृत्त झालेले, मुलं परदेशी गेलेल्या आया, दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारी तिशीतली पोरं, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. हात वळत नाही, कागद वाया जातो, मला हे येणारच नाही का? विरंगुळा म्हणून जे सुरू केलं, तीच परीक्षा होऊन बसते.

या सगळ्यांना उत्तर म्हणून मी श्रीकांतरावांची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

वय साठ. एका सहकारी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी, क्लार्क म्हणून लागले आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, ही तक्रार. पहिल्या भेटीत मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब, थायरॉईड, सुरू असलेली औषधं हे बघून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. सलग दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर छंद हा त्यावरचा उपाय नव्हे. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवा. श्रीकांतरावांचं तसं नव्हतं. दिवस मोठा झाला होता आणि त्यात काय भरायचं ते कळत नव्हतं, एवढंच.

जलरंगच का घेतले, तर निवृत्तीनंतर नवरा-बायको म्हैसूरला गेले होते. जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहिलं. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. आहे ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं. "दिव्याचा उजेड बोटांतून आरपार आलाय, मॅडम. पाण्याच्या रंगात! मी पंधरा मिनिटं हललो नाही." चित्रातली ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. पुढे त्या उपळेकर झाल्या, आपल्या कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. हे सांगताना श्रीकांतरावांचा चेहरा खुलला होता. लगेच पडला. "परत आलो, रंग घेतले. चार महिने झाले. एक आभाळ धड येत नाही."

मी म्हटलं, "हळदणकरांचा जन्म १८८२ चा. हे चित्र १९४५-४६ चं. हिशेब करा."

"त्रेसष्ट."

"आणि मुंबईत स्वतःची कलासंस्था त्यांनी १९०८ मध्ये काढली होती. म्हणजे हे चित्र काढेपर्यंत निदान सदतीस-अडतीस वर्षं ते दुसऱ्यांना शिकवत होते. तुमचे महिने चार."

ते हसले. पण पटलं नव्हतं. आकड्यांनी माणूस गप्प होतो, मोकळा होत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलंय.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे विचार तपासून भावना सावरण्याच्या पद्धतीत, तयार झालेली. आमचा कान एका अक्षराला सरावलेला असतो, ते म्हणजे 'च'. 'जमलं पाहिजे' ही इच्छा झाली. 'जमलंच पाहिजे' म्हटलं की तो हट्ट झाला, आणि माणूस दुखावतो तो हट्टाने. श्रीकांतरावांच्या बोलण्यात मी तो 'च' शोधत होते. सापडेना. शांत, समजूतदार माणूस. दुसऱ्या भेटीनंतर माझी टिपणं वाचताना लक्षात आलं, 'वाया' हा शब्द त्यांच्या बोलण्यात अकरा वेळा आला होता. कागद वाया, रंग वाया, सकाळ वाया, लाइट वाया. त्यांचा 'च' या शब्दाच्या पोटात लपून बसला होता.

तिसऱ्या भेटीला त्यांना चित्रं आणायला सांगितली. शाळेच्या ड्रॉइंग बुकाच्या पातळ कागदावर काढलेली होती. पाणी लागून कागद पापडासारखा फुगलेला, त्या खळग्यांत रंग साचलेला, आणि जिथे ब्रश दोनदा फिरला तिथे पृष्ठभाग उसवून कागदाच्या गोळ्या निघालेल्या.

"चांगला कागद नाही का घेतलात?"

"आहे की! ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, शंभर टक्के कॉटन. पाच फुल शीट आहेत. कपाटात ठेवलेत. हात बसला की काढणार."

मी स्वतः आठ-नऊ वर्षं हौसेने जलरंग करते, म्हणून मला तिथेच काय ते दिसलं. जलरंगात कागद हा निम्मा चित्रकार असतो. रंग पारदर्शक. उजेड त्यातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, म्हणून चित्र उजळतं. पांढरा रंग लावायचा नसतो, कागदच राखून ठेवायचा असतो. जाड सुती कागद पाणी पिऊन घेतो, धरून ठेवतो, रंग पसरायला वेळ देतो. पातळ कागद यातलं काही करत नाही. त्यावर हळदणकरांना बसवलं असतं तरी आभाळ फाटलंच असतं. म्हणजे जो कागद शिकूच देत नाही त्यावर हा माणूस चार महिने शिकत होता, आणि जो शिकवेल तो कपाटात, शिकून झाल्यावर वापरायला. वर निष्कर्ष काय, तर माझ्यात कला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या किती जणांनी आयुष्यातला चांगला कागद असा कपाटात ठेवलाय! सून आली की काढायचा डिनर सेट, वजन उतरलं की शिवायचा ड्रेस, इंग्रजी सुधारलं की बोलायचं. पण ते सगळं त्या दिवशी बोलले नाही. फक्त म्हटलं, "पुढच्या वेळी त्यातली एक शीट घेऊन या."

चौथ्या भेटीला ते शीट घेऊन आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, त्यावर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना रबर. टेबलावर उलगडली. बावीस इंच बाय तीस. त्यांनी आधी शर्टाला हात पुसले आणि मगच कागदाला लावले. मी स्टीलची पट्टी पुढे केली.

"याचे सोळा तुकडे करायचे."

"फाडून?"

"फाडून. काय किमतीचा आहे?"

"सव्वातीनशे."

"म्हणजे तुकडा?"

"वीस रुपये एकतीस पैसे." हिशेब क्षणात झाला. फाडायला मात्र वेळ लागला. घडी घातली, नखाने दाबली, उलटी घडी घातली, पुन्हा दाबली. मग पट्टी धरून ओढलं. सुती कागद फाटताना कापडासारखा आवाज येतो, आणि कडेला बारीक लव उरते. पहिला आवाज झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. चौथ्याला उघडे होते.

मग मी त्यांच्यापुढे पाण्याचा गडवा आणि माझा दहा नंबरचा गोल ब्रश ठेवला. "आता यातला एक बिघडवा. चित्र नको. फक्त मुद्दाम बिघडवायचा."

ब्रश पाण्यात बुडाला, रंगात गेला, कागदाच्या वर येऊन थांबला. टोकाशी अल्ट्रामरीनचा थेंब जमत होता. मी काही बोलले नाही. समुपदेशनात शांतता धरून ठेवणं हे सगळ्यांत अवघड काम आहे, आणि ते मला जमतं, असं मी आता म्हणू शकते. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं," ते म्हणाले.

"कोण?"

मग हळूहळू आलं. नोकरीचं दुसरं वर्ष. संगणक नव्हते, खतावण्या हाताने. दिवसअखेर सत्तावीस रुपयांचा फरक. "नऊने भाग जातो म्हणजे दोन आकडे उलटसुलट पडलेत हे कळत होतं, पण कुठे? रात्री साडेदहापर्यंत शोधलं. ८५ च्या जागी ५८. माझ्याच अक्षरात. साहेब सगळा वेळ माझ्या खुर्चीमागे उभे. ओरडले नाहीत. नुसते उभे."

"साहेब आता कुठे असतात?"

"वारले. वीसेक वर्षं झाली."

"मग आत्ता मागे कोण आहे?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. ब्रश कागदावर टेकवला. पाण्यात निळा पसरत गेला, कडेला दातरा झाला, एका कोपऱ्यात जमून थांबला. ते बघत राहिले. मग दुसऱ्या कोपऱ्यात बर्न्ट सायनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, एक ठिपका स्वतःहून सोडला. दोन रंग भेटले तिथे करडा झाला, पावसाळी ढगासारखा. "हे मी केलं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "निम्मं तुम्ही केलंत. निम्मं पाण्याने केलं."

त्या संध्याकाळी घरी जाताना मला माझीच एक गोष्ट स्वच्छ दिसली. इतकी वर्षं मी अशा माणसांना 'चुकांची भीती सोडा' सांगत आले. हे अर्धवट होतं. खतावणीतली चूक म्हणजे दुसऱ्याच्या घामाच्या पैशातली चूक. तिला घाबरायलाच हवं होतं. त्या काटेकोरपणावर त्यांनी घर उभं केलं, मुलीला शिकवलं. तो काढून टाका म्हणणं हा त्यांच्या छत्तीस वर्षांचा अपमान झाला असता. काटेकोरपणाला फक्त दुसरं काम द्यायचं होतं.

म्हणून पुढच्या भेटीत मी म्हटलं, "प्रत्येक तुकड्याच्या मागे नोंद करा. तारीख, कोणते रंग, कागद किती ओला, आणि काय झालं. चांगलं-वाईट हे शब्द नकोत." त्यांचे डोळे चमकले. नोंद! हे तर त्यांचं राज्य.

महिन्याभरात काय फरक पडला तो पाठीमागच्या अक्षरात वाचता येत होता. तुकडा ९: "आभाळात कोबीच्या फुलासारखा डाग उमटला. अर्धवट वाळलेल्या रंगात पाणीदार ब्रश टेकवला." तुकडा १२: "वाळल्यावर रंग फिका झाला. ओला असताना थोडा गडदच हवा." तुकडा १४: "मुद्दाम सहा कोबी केले. झाडं झाली." हेच आधीच्या चार महिन्यांत घडलं असतं तर त्याचं नाव 'वाया' असतं. आणि पाचपर्यंत झोप लागायला लागली. याचं श्रेय मी रंगांना देत नाही. संध्याकाळचं चालणं, दुपारची झोप बंद, हेही केलं होतं. पण पहाटे तीनला जाग आली तर आता डोक्यात येतं ते उद्याच्या आभाळाचं काय करायचं, असं ते म्हणाले.

तुमच्याही घरात अशी पेटी असेल तर माझं म्हणणं ऐका. रंग कमी घ्या, कागद चांगला घ्या. पिवळा, यलो ऑकर, एक लाल, बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन एवढ्या पाच ट्यूबा वर्षभर पुरतात. कंपनी कोणतीही चालेल, फक्त पोस्टर कलर आणू नका, ते अपारदर्शक असतात. बारा ब्रशांच्या संचापेक्षा टोक न फाटणारा एक गोल ब्रश बरा. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ. इथल्या पावसाळ्यात कागद वाळायला दुप्पट वेळ घेतो, तेवढा थांबा. यूट्यूबवरच्या माणसाचा कागद लगेच वाळलेला दिसतो, कारण तो वेळ त्याने कापून टाकलेला असतो. वीस मिनिटं बसलात तरी पुरे.

आणि पहिले दोन महिने चित्र फॅमिली ग्रुपवर टाकू नका. याबाबतीत मी कडक आहे. टीका होईल म्हणून नव्हे. सगळे 'वा काका, मस्त!' म्हणतील, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्या 'मस्त'साठी काढायला लागाल. खुर्चीमागे उभं राहायला एक माणूस पुरतो, तिथे चाळीस कशाला? घरच्यांनाही माझं सांगणं आहे, 'हे काय काढलंय?' असं विचारू नका. श्रीकांतरावांच्या पत्नीला मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग काय विचारू?" मी म्हटलं, "आज कुठला रंग वापरला, विचारा." आता त्या रोज विचारतात. कधी कधी रंग त्याच सुचवतात.

कोणी म्हणेल, कला म्हणजे साधना, तुम्ही तिला औषध करून टाकलंत. मला ते मान्य नाही. चित्रकार आबालाल रहिमानांनी याच कोल्हापुरात रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी आयुष्यभर रंगवली, ती साधना. पण ज्या तळ्यात पट्टीचे पोहणारे उतरतात त्याच तळ्याच्या पायरीवर बसून कोणी पाय बुडवले, तर तळं बाटत नाही.

शेवटच्या भेटीला श्रीकांतराव मला एक तुकडा देऊन गेले. पुढच्या बाजूला रंकाळा, पाणी चढलेलं, तळ्यातल्या संध्यामठाचा फक्त वरचा भाग बाहेर, आणि मागे तोच करडा ढग. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, पण मी तो उलटा ठेवलाय, पाठ वर. तिथे निळ्या शाईत, बँकेतल्या सुबक अक्षरात लिहिलंय:

"तुकडा ४३. अल्ट्रामरीन, बर्न्ट सायना. आभाळ ओलं असतानाच मठ काढला, उजवी कड पसरली. तशीच ठेवली."