तारकागुच्छातले 'वितरण' आणि 'ठेवण'

प्रश्न असा आहे: 'तरुण तारकागुच्छांविषयीच्या एकाच लेखात दोन वाक्ये वाचली. "वस्तुमानाच्या वितरणाचा उतार सगळीकडे जवळपास सारखा भरतो" आणि "वस्तुमानाचे वितरण केंद्राकडे झुकलेले दिसते". वितरण म्हणजे वाटप. मग उतार कसला, झुकणे कसले? आणि वाटणारा कोण? याहून चांगला शब्द आहे का?'

वाटणाऱ्याची शंका आधी मिटवू. बक्षीस वितरणात किंवा वीज वितरणात देणारा असतो, हे खरे. पण पाठ्यपुस्तकांनी हा शब्द कर्त्यापासून केव्हाच मोकळा केला आहे. गणितात 'वारंवारता वितरण सारणी' येते, म्हणजे कोणत्या गटात किती. भूगोलात 'लोकसंख्येचे वितरण' येते, म्हणजे कुठे दाट, कुठे विरळ. गोंधळाचे मूळ इथेच आहे. तुमच्या पहिल्या वाक्यातले वितरण गणिताचे आहे, दुसऱ्यातले भूगोलाचे. गावच्या खानेसुमारीत कोणत्या ऐपतीची घरे किती, हा एक तक्ता झाला. मोठे वाडे पेठेत आहेत की वेशीजवळ, हे त्या तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी नकाशाच लागतो.

ताऱ्यांच्या बाबतीत तक्त्याचे काम १९५५ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन साल्पीटर यांनी केले. सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांची मोजदाद घेऊन, जन्माच्या वेळी कोणत्या वस्तुमानाचे किती तारे असले पाहिजेत, हे त्यांनी काढले. दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचे माप, म्हणजे दर पायरीला दहापट होणारे, घेतले, की आलेख जवळजवळ सरळ उतरणारी रेघ होतो. तिचा उतार १.३५. तुम्ही विचारलेला 'उतार' तो हाच. त्याचा अर्थ आकड्यांत फार छान उलगडतो: १ ते २ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे २२ तारे जन्मले, तर १० ते २० सूर्यांएवढ्याचा जेमतेम एक. हलक्या ताऱ्यांच्या टोकाला मात्र संख्येचा हा चढ टिकत नाही. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाखाली रेघ सपाट होत जाते, हे पावेल क्रूपा यांनी २००१ मध्ये नेमके मांडले. तरीही संख्येने सर्वाधिक तारे सूर्याच्या निम्म्याहून हलकेच असतात. ०.०८ सूर्यांच्या खाली गेले, की हायड्रोजन स्थिरपणे जळतच नाही. तिथून तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेले गोल, सुरू होतात.

या तक्त्याच्या पूर्ण नावात, 'आरंभीचे वस्तुमान-वितरण' यात, 'आरंभीचे' हे विशेषण असते आणि घाईत लिहिणारे ते गाळतात. ते गाळू नये, कारण तरुण गुच्छांना महत्त्व आहे ते त्याच्यामुळे. तीस सूर्यांएवढा तारा एक कोटी वर्षेही जगत नाही. कृत्तिका या गुच्छाचे वय दहा कोटी वर्षांच्या वर आहे, त्यामुळे तिथले सर्वांत जड तारे कधीच संपले. आज कृत्तिकेतली मोजणी जडांच्या टोकाला अपुरीच निघते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात दडलेला गुच्छ मात्र दहा ते तीस लाख वर्षांचा आहे. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला साध्या डोळ्यांनाही पुसट दिसणारा हा तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. तिथे आरंभीची गणती जवळजवळ जशीच्या तशी हाती लागते. शिवाय हलके तारे लहान वयात अधिक तेजस्वी असल्यामुळे तेही नजरेतून सुटत नाहीत.

आता नकाशा. याच गुच्छाच्या ऐन मध्यावर ट्रॅपेझियम नावाचे जड ताऱ्यांचे टोळके आहे. त्यातला थीटा-१ ओरायनिस सी हा तिसाहून अधिक सूर्यांएवढा आहे. जड तारे मध्यात आणि हलके दूरपर्यंत पसरलेले, हे चित्र लिन हिलेनब्रँड आणि ली हार्टमन यांनी १९९८ मध्ये मोजून दाखवले. याला मराठीत बहुधा 'वस्तुमान विलगीकरण' लिहितात आणि माझा आक्षेप त्या शब्दाला आहे. करोनाच्या दिवसांतले विलगीकरण कक्ष आठवतात, हे कारण किरकोळ आहे. मुख्य अडचण '-करण' या शेपटाची. त्यामुळे क्रिया घडली, असे शब्दच सांगून टाकतो: तारे आधी मिसळलेले होते, मग वेगळे झाले. पण तसे घडले का, हाच तर वाद आहे. ताऱ्यांच्या परस्पर ओढाताणीत जड तारे आपली गतिज ऊर्जा हलक्यांना देतात आणि मध्याकडे घसरतात, हे ठाऊक आहे. मात्र इयन बॉनेल आणि मेल्विन डेव्हिस यांनी १९९८ मध्ये दाखवले, की इतक्या कोवळ्या गुच्छात त्याला वेळच पुरत नाही; ट्रॅपेझियमचे तारे मध्याजवळच जन्मले असले पाहिजेत. पुढे २००९ मधल्या संगणकीय प्रतिकृतींत उलटे दिसले. गुच्छ सुरुवातीला गुठळ्यागुठळ्यांचा आणि संथ असेल, तर दहा लाख वर्षांतही जड तारे मध्यात जमू शकतात.

म्हणून जे दिसते त्याला कर्ता आणि क्रिया न सुचवणारा शब्द हवा. मला 'ठेवण' आवडतो. चेहऱ्याची ठेवण म्हणतो, तेव्हा ती कोणी ठेवली, जन्मजात की नंतरची, हे आपण गृहीत धरत नाही. संख्येसाठी 'वितरण' रूढ आहे, ते राहू द्यावे. 'विभाजन' तिथे नको. त्याने एकाचे तुकडे होणे सुचते आणि वायूच्या ढगाचे तसे तुकडे होण्याला 'विखंडन' हा शब्द आहेच. 'विलगीकरण' हवेच असेल, तर तारे मध्याकडे सरकल्याचे सिद्ध झालेल्या गुच्छांपुरते वापरावे.

तुमची वाक्ये मी अशी लिहीन: 'ताऱ्यांच्या आरंभीच्या वस्तुमान-वितरणाचा उतार बहुतेक तरुण गुच्छांत जवळपास सारखा भरतो.' आणि दुसरे: 'मृगातल्या गुच्छाची ठेवण अशी, की जड तारे मध्यात आणि हलके कडेपर्यंत पसरलेले.'