समीकरण उसनं आणलंस, ते परत कर

अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. वसतिगृहातल्या भांडणांकडे डायनॅमिकल सिस्टिम्सच्या, म्हणजे काळाबरोबर बदलत जाणाऱ्या गोष्टींच्या गणिताच्या, नजरेनं पाहायचं, ही कल्पना आवडली. पण तिसऱ्या पानावर हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झची समीकरणं दिसली आणि मी चष्मा काढून ठेवला.

ती १९६३ची, खालून तापणाऱ्या द्रवातल्या प्रवाहांसाठी मांडलेली. मानसशास्त्रज्ञ मार्सियाल लोसादांनी ती कामाच्या गटांमधल्या बोलण्याला लावली. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन यांच्याबरोबरच्या लेखात त्यातून आकडा निघाला: २.९०१३. चांगल्या भावना वाईट भावनांच्या इतक्या पट झाल्या की माणूस बहरतो म्हणे. मनाच्या मापाला चार दशांश स्थळं! सोनारसुद्धा इतकं बारीक तोलत नाही. तरी आठ वर्षं तो आकडा मिरवला. मग २०१३ मध्ये निक ब्राउन, भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी तो खोडून काढला. यातला ब्राउन म्हणजे पन्नाशीतला पदव्युत्तर विद्यार्थी, हे मला फार आवडतं. द्रवाच्या गणितातले स्थिरांक, १० आणि ८/३, तसेच उचलून माणसांना चिकटवले होते. ते बदलले की २.९०१३ही बदलतो. लेखातला गणिती भाग अखेर मागे घ्यावा लागला.

तुझ्या तिसऱ्या पानावरही तेच १० आणि तेच ८/३ आहेत. कुठून आले, सांगशील?

याउलट मानसशास्त्रज्ञ रॉबिन व्हॅलाकर आणि आंद्झेय नोवाक यांचा १९९४चा प्रयोग बघ. ओळखीच्या माणसाचा विचार करायचा आणि त्या क्षणी त्याच्याविषयी चांगलं वाटलं तर माऊसचा बाण पडद्यावरच्या खुणेजवळ, वाईट वाटलं तर दूर न्यायचा. अंतराची नोंद सेकंदाला दहा वेळा. इथे आधी काळाबरोबरचा बदल मोजला, गणित नंतर आलं. सरासरीत ‘तटस्थ’ दिसणारा माणूस क्षणोक्षणी दोन टोकांत हेलकावत असेल, तर ते अशाच नोंदीत सापडतं. तुझ्या एकदाच भरून घेतलेल्या १२० प्रश्नावल्यांत ते सापडायचं नाही.

म्हणून त्या प्रश्नावल्या बाजूला ठेव. बारा जण निवड. महिनाभर रोज रात्री प्रत्येकानं खोलीतल्या जोडीदाराविषयीचा एक आकडा आणि दोन ओळी लिहायच्या. समेट झाल्यावरही एखाद्या जोडीचा राग पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसला, तर ‘ॲट्रॅक्टर’ हा शब्द खुशाल लिही. आणि परीक्षेच्या आठवड्यात सुरुवात करू नकोस. तेव्हा सगळेच भांडतात.